पिपाणीला दिवस गेले की नाहीत

सिस्टरांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं. बाईला दिवस गेलेत की नाहीत ते सांगायचं, आणि गेले असतील तर पुढचं सगळं निस्तरायचं. प्रसूतीच्या इस्पितळात त्यांची सगळी नोकरी गेली. बाई दारात चपला कशा काढते एवढं बघून त्या म्हणायच्या, "या, बसा हो. तिसरा लागलाय." आणि तिसराच लागलेला असायचा. त्यामुळे सिस्टरांचा स्वतःवर भारी विश्वास. निवृत्त झाल्या तरी बसमध्ये, दुकानात, जिन्यात, जिथे बाई दिसेल तिथे त्यांची मनातल्या मनात तपासणी चालू असायची. कधीकधी ती मनात राहायची नाही. मागच्या गल्लीतल्या एका नव्या नवरीला त्यांनी भाजीच्या दुकानात, चार लोकांसमोर, तिच्या नवऱ्याच्या आधी बातमी सांगून टाकली. त्यावरून त्या घरात दोन दिवस अबोला होता.

त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "सवड कुठे होती? एकीची सुटका होते न होते तोच दुसरी कळा देत दारात." धाकट्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. खाली भावाचं स्टोव्ह आणि कुकर दुरुस्तीचं दुकान. दिवसभर तो कुकरला शिट्ट्या फुंकायला लावी आणि कान देऊन ऐकत बसे. भाचे दोघे नोकरीपायी लांब गेलेले. उरली तीन म्हातारी माणसं आणि पिपाणी.

पिपाणी म्हणजे तपकिरी रंगाची डॅशहुंड कुत्री. अंग लांबलचक, पाय आखूड. तिचं पुढचं टोक स्वयंपाकघरात पोचलं तरी मागचं अजून बैठकीतच असायचं. आवाज मात्र अंगाच्या चौपट, म्हणून हे नाव. सिस्टरांचा तिच्यावर जीव होता आणि त्यांना तिची पिल्लं हवी होती. विकायला नव्हे, मिरवायला नव्हे. का हवी होती ते त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, भावजयीपाशी, मटार सोलता सोलता. "इतकी पोरं हातात घेतली गं, पण प्रत्येक पोर पुसून, गुंडाळून कुणाच्या तरी हवाली करायचं. आपल्याच घरात जन्मलेलं आणि आपल्याच घरात झोपलेलं एकही नाही. एकदा तरी बघायचंय." भावजयीनं आपल्या वाटणीचे मटारही सिस्टरांच्या ताटात ढकलले, काहीतरी द्यायचं म्हणून.

पण पिपाणीच्या मनात काही नव्हतं. पहिल्यांदा नराकडे नेली तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा झालं ते त्याहून वाईट. पिपाणीचं पोट सुटलं, आचळांना दूध आलं, घरातल्या सगळ्या डाव्या पायाच्या चपला गोळा करून तिनं कपाटाखाली ठेवल्या आणि कुणी जवळ गेलं की गुरगुरायला लागली. सिस्टरांनी बघितलं आणि छातीठोकपणे गल्लीभर जाहीर केलं. दिवस भरले, उलटून गेले, कपाटाखालून चपलांशिवाय काही निघालं नाही. जनावरांच्या डॉक्टरणीनं सांगितलं, हे खोटं गर्भारपण. कुत्र्यांत सर्रास होतं, पोटात काही नसतानाही कुत्री आई होऊन बसते. हे तिनं हळूच सांगितलं, पण दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसांनी हळूच ऐकलं नाही. सिस्टरांना हसून घरी पाठवण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढे महिनाभर भाऊ एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरीच चप्पल घालून दुकानात बसत होता.

ही डॉक्टरीण सिस्टरांच्याच हातची. म्हणजे त्यांच्याच वॉर्डात जन्मलेली, पहिला ट्यांहा त्यांनीच पाठीवर चापट मारून काढलेला. तिसऱ्या वेळी तिनं स्पष्ट सांगितलं, "मावशी, पिपाणीचं वय झालंय. गर्भाशयाचं लक्षणही मला बरं दिसत नाही, पुढेमागे आत पू धरायचा. ही शेवटची खेप. राहिलं तर राहिलं. नाही तर पुढच्या माजाची वाट बघत बसू नका, पिशवी काढून टाकू. महिन्याभरानं घेऊन या, सोनोग्राफी करते."

"बघू," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं की आता त्या खुर्च्यांसमोर पुन्हा अंदाजावर जायचं नाही. आधी घरी पक्कं करायचं, मग जगाला सांगायचं.

नवरदेव बेकरीवाल्यांचा होता. त्याचं नाव टोस्ट. या धंद्यात रीतच अशी की नराच्या मालकानं पैसे घ्यायचे नाहीत, पिल्लं झाली की सगळ्यांत आधी एक निवडून घ्यायचं. त्यामुळे बेकरीवाल्यांचा जीव टांगणीला. सोयरीक जुळल्यापासून ते सिस्टरांना विहीणबाई म्हणत आणि रोज सकाळी पावाच्या लादीबरोबर स्वतःच वर येत.

"काय विहीणबाई, सूनबाईंचं काय म्हणणं?"

"व्याहीबुवा, पोळी तव्यावर टाकली की लगेच ताटात येत नाही. धीर धरा."

"मी भट्टीवाला माणूस. मला आत डोकावून बघायची सवय."

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पिपाणीनं उकडलेलं अंडं हुंगलं आणि तोंड फिरवलं. अंडं नाकारणारी पिपाणी कुणी पाहिली नव्हती. भावजयीनं लगेच पदर खोचला. "वन्सं, आहे हो काहीतरी!"

"तुला मागच्या वेळीही वाटलं होतं."

"मागच्या वेळी तुम्हालाही वाटलं होतं."

यावर सिस्टरांनी चष्मा पुसला. मग पिशवी उचलली आणि तडक औषधाच्या दुकानात गेल्या. वॉर्डात त्यांच्या हाताखालून किती पट्ट्या गेल्या त्याला गणती नाही. लघवीत बुडवायची, दोन रेघा आल्या तर आहे, एकच आली तर नाही. पोट फसवतं, भूक फसवते, चपला तर फसवतातच, पण पट्टी कुणाचं तोंड बघून बोलत नाही. असा त्यांचा हिशेब.

"गर्भारपण तपासायच्या पट्ट्या द्या. तीन. आणि एक दुसऱ्या बनावटीची असेल तर तीही."

औषधवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पांढऱ्या केसांकडे, मग छताकडे. "घरातच... कुणाला?"

"घरातच. वय जरा जास्त आहे, म्हणून काळजी वाटते." सिस्टर खरंच तेवढंच म्हणाल्या. सुटे पैसे घेतले आणि निघाल्या.

सिस्टरांचं लग्न झालेलं नाही हे औषधवाल्याला ठाऊक होतं. मग त्या घरात दुसरी बाई कोण, याचा त्यानं विचार केला, आणि तो विचार त्याच्यापुरता ठेवायला त्याला जमलं नाही. संध्याकाळपर्यंत भावाच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याचा हात हातात घेऊन दाबायला लागलं. "कमाल आहे बुवा तुमची, या वयात!" भावाला वाटलं आपल्या कामाची तारीफ चाललीय. तो विनयानं म्हणाला, "अनुभव आहे. अजून हात चालतो." शेजारणीनं भावजयीच्या हातातली पाण्याची बादली काढून घेतली, तिला आंबट गोळ्यांची बरणी दिली आणि डोळे पुसत निघून गेली. भावजयीला काही उलगडा होईना, पण गोळ्या चांगल्या होत्या. तिनं खाल्ल्या.

आता पिपाणीची लघवी मिळवणं हे काम. पिपाणीचं पोट जमिनीपासून चार बोटं. तिच्याखाली वाटी सरकवायची म्हणजे वाटीलाच अंग चोरावं लागणार. शेवटी भावानं डोकं चालवलं. एका मोडक्या कुकरची लांब मूठ घेतली, तिला औषधाच्या बाटलीचं चपटं झाकण जोडलं आणि ते हत्यार बहिणीला अर्पण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या कडेला पुढे पिपाणी, मागे कमरेत वाकलेल्या सिस्टर आणि त्यांच्या हातात ती मूठ, अशी वरात निघाली. पिपाणी बसायची, मागे बघायची, आपल्या खाली हे काय येतंय ते कळलं की उठायची. बसायची, उठायची. फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. एकानं विचारलं, "हरवलंय का काही?" सिस्टर वर न बघता म्हणाल्या, "सापडेल." आणि झाडाच्या बुंध्याशी अखेर सापडलं.

एकच रेघ.

सिस्टरांनी पट्टी उजेडात धरली, खिडकीशी नेली, भावाच्या भिंगाखाली ठेवली. एकच. आठवडाभरानं पुन्हा तीच वरात, पुन्हा एकच. मग दुसऱ्या बनावटीची पट्टी. तिच्यावर रेघ जास्त ठसठशीत आली, पण आली ती एकटीच.

"पण वन्सं, हिची कंबर कुठे गेली बघा तरी," भावजय म्हणाली.

"हिला कंबर होती कधी?"

"मला अजून वाटतंय."

"वाटण्यावर वॉर्ड चालत नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी उगीचच नळ सोडला.

भावानं खोक्याच्या फळ्या ठोकून पिल्लांसाठी एक पेटी केली होती. आईचा पाय पडून पिल्लू चेंगरू नये म्हणून आतून कडेनं पट्टीही मारलेली. सिस्टर ती जिन्यातून खाली घेऊन आल्या. "यात तुझे पाने ठेव. जागा अडते." भावानं दोन पाने त्यात ठेवले. त्या वर गेल्यावर काढून घेतले. सिस्टरांना फार वाईट वाटलं. वाईट वाटतंय हे त्या कबूल करत नव्हत्या, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी पिपाणीला ताटातलं निम्मं दिलं आणि पिपाणीनं ते बिनबोभाट खाल्लं. नंतर त्यांनी डॉक्टरणीला फोन लावला.

"नाही राहिलं. ऑपरेशनची वेळ दे."

"मावशी, सोनोग्राफीला कुठे आलात तुम्ही?"

"मी तपासलंय. तीनदा."

आपल्याला पहिली चापट मारणाऱ्या बाईशी वाद घालणं डॉक्टरणीला जड जात असे. तिनं वेळ दिली.

ऑपरेशनच्या दिवशी पिपाणीला उपाशी ठेवायचं होतं. ती घरातल्या प्रत्येकाच्या पायाशी जाऊन, आपल्याला या घरात कधी म्हणून खायला दिलेलं नाही असं सांगत होती. भावानं दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि बरोबर निघाला. भावजय म्हणाली, "मला बघवायचं नाही," आणि घरीच राहिली. दवाखान्यात एक आजोबा पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते, एका मुलीच्या पिशवीतून मांजराचा एक कान बाहेर आलेला. थोड्या वेळानं बेकरीवाले आत शिरले, कोपरापर्यंत पीठ.

"भट्टी कुणावर सोडून आलात?" सिस्टरांनी विचारलं.

"विझवली. म्हटलं, विहीणबाई एकट्या कशा." आणि ते पोपटाकडे बघत बसले, कारण सिस्टरांकडे त्यांना बघवेना.

आत घेतल्यावर डॉक्टरणीनं पिपाणीला टेबलावर ठेवलं आणि मशीन ओढलं.

"ते कशाला? भूल दे आणि उरक," सिस्टर म्हणाल्या. "उगीच तिला ताटकळत ठेवू नकोस."

"भूल द्यायच्या आधी मी एकदा आत बघतेच. माझा नियम आहे."

"अगं, मी तपासलंय म्हणते ना!"

"कसं तपासलंत?"

सिस्टर जरा घुटमळल्या. मग त्यांनी पाकिटातून हातरुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि तीन पट्ट्या टेबलावर पिपाणीच्या नाकासमोर मांडल्या. पिपाणीनं हुंगल्या. ओळखीच्या वाटल्या असाव्यात, तिनं शेपूट हलवलं.

डॉक्टरणीनं पट्ट्यांकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले. तिनं भिंतीकडे तोंड केलं, पण खांदे हलायला लागले, आणि मग ती सरळ स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मावशी... मावशी, तुम्ही हिच्या मागे... बागेत?"

"कुकरची मूठ मी करून दिली," भाऊ म्हणाला. श्रेय जिथल्या तिथे गेलेलं बरं.

"अहो, ही पट्टी बाईच्या अंगात तयार होणारं एक द्रव्य शोधते. कुत्रीच्या अंगात ते तयारच होत नाही! पोटात डझनभर पिल्लं असली तरी ही 'नाही'च म्हणणार. कुत्रीचं रक्त तपासतात, ती तपासणी वेगळी."

"मग ही तीन वेळा सांगत होती ते काय?"

"हेच, की पिपाणी बाई नाहीये."

बेकरीवाले खोकले. सिस्टरांच्या चेहऱ्यावर एवढे रंग येऊन गेले की भावानं त्यांच्यामागे खुर्ची सरकवून ठेवली. "म्हणजे अजून..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"म्हणजे अजून कुणालाच काही माहीत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. धरा हिचे पाय."

पोटावरचे केस थोडे काढले, गार जेली लावली. पिपाणीनं छताकडे बघून एक मोठा उसासा सोडला. पडद्यावर करडं धुकं हलायला लागलं. असल्या पडद्याशेजारी सिस्टर हजारदा उभ्या राहिल्या होत्या, त्यांना ते धुकं वाचता येत होतं. डॉक्टरणीचा हात डावीकडून उजवीकडे सरकला आणि धुक्यात एक काळा ठिपका आला. ठिपका कसला, पिशवीच. पिशवीत दाण्याएवढं काहीतरी आणि त्या दाण्याच्या मधोमध काहीतरी भराभर लुकलुकत होतं. सिस्टरांना ते सगळ्यांच्या आधी दिसलं. आणि त्यांनी तोंड उघडलं नाही.

"काय दिसतंय, मावशी?" डॉक्टरणीनं विचारलं. तिलाही दिसलं होतं.

"तू सांग."

"तुम्हीच सांगा की."

"माझा भरवसा नाही गं राहिला. तू सांग. लवकर सांग!"

"आहे," डॉक्टरीण म्हणाली. "काळीज उडतंय बघा कसं. आणि हे दुसरं."

"दुसरं!" भाऊ ओरडला.

"हे तिसरं."

"ते पहिलंच आहे, परत मोजलंत!"

"नाही हो, पहिलं इकडे राहिलं. हे चौथं."

"चार!" बेकरीवाले पावाची लादी मोजावी तसे मोठ्यानं मोजायला लागले. "पाच! तो पाचवा, त्या आतड्यामागे! लपलाय लबाड!" दार ढकलून पोपटवाले आजोबा पिंजऱ्यासकट आत आले, त्यांच्यामागे मांजरवाली. "किती झाले?" "पाच!" "सहा म्हणा, तो बघा!" पोपटानं किंकाळी फोडली. पिपाणीनं भुंकून तिला उत्तर दिलं, पोट हललं आणि सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"यात नक्की आकडा कळत नाही," डॉक्टरीण ओरडून सांगत होती, पण ऐकतंय कोण. "शेवटी शेवटी हाडं धरली की एक्स-रे काढू, तेव्हा कळेल!"

"डावीकडचा माझा!" बेकरीवाल्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. त्या जागी पिठाचा ठिपका उमटला.

"अहो, तो अजून वाटाण्याएवढासुद्धा नाही!"

"असू दे. नाक टोस्टवर गेलंय."

भाऊ बेकरीवाल्यांच्या गळ्यात पडला आणि दोघांच्या पाठी पांढऱ्या झाल्या. सिस्टर मात्र जागच्या हलल्या नाहीत. पिपाणीचे पुढचे दोन्ही पाय त्यांनी अजून घट्ट धरून ठेवले होते.

"माझं ऐकलं असतंस तर," त्या हळूच म्हणाल्या, "आत्ता यांना..."

"मी ऐकणार नव्हते."

"का गं? मी तर केवढ्या ठामपणे सांगत होते."

"म्हणूनच," डॉक्टरीण म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातात पोट पुसायला कापड दिलं.

सिस्टरांनी पोट पुसलं, इतक्या हलक्या हातानं की जेली बरीचशी तिथेच राहिली. मग त्यांना एकदम कुणाला तरी सांगावंसं वाटायला लागलं. भावजयीला फोन लावला, तो लागेना. ती शेजारणीशी बोलत असणार, आंबट गोळ्यांचा उलगडा अजून व्हायचा होता. खोलीतल्या सगळ्यांना तर माहीतच होतं. पोपटालासुद्धा. कापड हातात तसंच धरून सिस्टर दाराबाहेर पडल्या, पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडला. समोर बसथांबा होता. बाकावर भाजीची पिशवी घेऊन एक अनोळखी बाई बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच सिस्टरांनी समोरच्या बाईकडे तपासणीच्या नजरेनं पाहिलं नाही.

"अहो," त्यांना धाप लागली होती, "आमच्याकडे गोड बातमी आहे!"

"अगंबाई! हो का?" त्या बाईचा चेहरा फुलला. "सुनेला की मुलीला?"

"मला!" सिस्टर म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

त्या बाईनं एकदा त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, एकदा हातातल्या ओल्या कापडाकडे. मग काही एक न विचारता ती बाकावरून उठली, पिशवी बाजूला घेतली आणि बाक हातानं झटकला.

"मग उभ्या काय राहताय अशा?" ती म्हणाली. "बसा बघू आधी."

आणि सिस्टर बसल्या.